घोडेस्वार, ससा, कोंबडा: रोमन ब्रिटनमधले ब्रोच नवसाचे होते का?

हातभिंग

दोन शनिवारांपूर्वी माझ्या टेबलावर एक ससा आला. लांबी २९ मिलिमीटर, वजन जेमतेम ६ ग्रॅम. तांब्याच्या मिश्रधातूचा, कान मागे पाडलेले, पाय पोटाशी घेतलेले. पोटाच्या जागी कोरलेलं खोलगट घर, त्यात हिरवट मीना (धातूत भरून वितळवलेली रंगीत काच), आणि त्या मीन्यातून धातूचेच दोन इवलेसे ससे वर आलेले. आईच्या पोटातली पिल्लं. उलटा करून पाहिला तर मागे टाचणीची स्प्रिंग बसवायचे दोन कान आणि समोर टाचणीचं टोक अडकवायची खोबण. म्हणजे हा ससा कुणाच्या तरी अंगावर मिरवत होता, साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात.

गेली काही वर्षं मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. नोकरी दुसरीच आहे, पण शनिवारी एका छोट्या संग्रहालयात शेतात सापडलेल्या वस्तूंच्या नोंदी करायला मदत करतो. मऊ ब्रशनं सुकी माती झाडायची, व्हर्नियरनं मापं घ्यायची, फोटो काढायचे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सापडल्याची जागा लिहून घ्यायची. हा ससा आणणाऱ्या आजोबांनी बिस्किटाच्या डब्यात कापसावर ठेवून आणला होता. सोबत चिठ्ठीवर आठ आकडी ग्रिड संदर्भ, म्हणजे दहा मीटरच्या चौकोनापर्यंत नेमकी जागा. त्या चिठ्ठीची किंमत माझ्या लेखी सशाएवढीच आहे. कारण पुढे येईलच.

थोडी पार्श्वभूमी. बटणं नव्हती तेव्हा अंगावरचं वस्त्र खांद्याशी अडकवायला ब्रोच लागायचा. लॅटिनमध्ये फिब्युला. बहुतेक ब्रोच आपल्या सेफ्टी पिनेच्या जातीचे, कमानदार. वस्त्राची चुणी त्या कमानीत मावते. जर्मनीत माइन्झला ब्लुसस नावाच्या नावाड्याचं थडगं आहे, पहिल्या शतकातलं. त्याच्या शेजारी बसलेल्या बायकोच्या, मेनिमानेच्या, अंगावर असे अनेक ब्रोच दगडात कोरलेले दिसतात. दुसऱ्या शतकात मात्र ब्रिटनमध्ये आणि गॉलमध्ये (आजचा फ्रान्स आणि आसपास) चपटे, पत्र्यासारखे, मीना भरलेले ब्रोच भरपूर होऊ लागले. ससा, कुत्रा, मासा, पाणपक्षी, कोंबडा, माशी, चाक, कुऱ्हाड, चपलेचा तळ, आणि घोड्यावर बसलेला स्वार. जाडजूड लोकरी झगा पेलायला हे चपटे ब्रोच फारसे कामाचे नाहीत. मग ते कशासाठी? हौस म्हणून, की देवासाठी?

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसत्या आकारावरून देव सिद्ध होत नाही. ब्रोच कुठे सापडला आणि कशाच्या संगतीत सापडला, त्यावरूनच होतो. आणि या कसोटीवर निदान एक प्रकार, घोडेस्वाराचा, खणखणीत उतरतो.

जाणकारांनी भर घालावी, शंका विचाराव्यात.

नीलमोहर

सशाचं वर्णन वाचून हातात घेऊन पाहिल्यासारखं वाटलं. त्या लोकांत ससा पवित्र मानत होते का? आणि पोटात पिल्लं दाखवली आहेत तर मूल होण्यासाठी नवस वगैरे?

हातभिंग

@नीलमोहर, सशाबद्दल दोन जुने उल्लेख आहेत. ज्युलियस सीझरनं इ.स.पू. ५५ आणि ५४ मध्ये ब्रिटनवर स्वारी केली. त्यानं लिहून ठेवलंय की इथले लोक ससा, कोंबडी आणि हंस खाणं निषिद्ध मानतात, पण ते प्राणी आवडीनं पाळतात. दुसरा उल्लेख रोमन इतिहासकार कॅशियस डिओचा. इ.स. ६०-६१ मध्ये रोमनांविरुद्ध उठलेल्या बूडिका राणीनं सैन्यापुढे भाषण केलं, आणि वस्त्राच्या ओच्यातून एक ससा सोडून शकुन पाहिला. तो शुभ बाजूला धावला, लोकांनी जयघोष केला, आणि तिनं हात वर करून आंद्रास्ते देवीचे आभार मानले.

वाचायला फार सुंदर आहे, पण डिओनं हे घटनेनंतर दीडशे वर्षांनी लिहिलंय, आणि आपला ससा बूडिकाच्या नंतर शंभरेक वर्षांनी घडवलेला आहे. तोवर इथे रोमन शहरं, रोमन बाजार, रोमन पद्धतीचं जेवण सगळं रुजलं होतं. सीझरचं वाक्य उचलून या ब्रोचला चिकटवायचा मोह मला पहिल्याच दिवशी झाला होता. पिल्लांवरून सुफलतेचा अर्थ सुचतो, मलाही सुचला. पण एखादं मंदिर, एखादा लेख, काहीतरी सोबत असल्याशिवाय मी नोंदीत तसं लिहिणार नाही.

तांबटआळी

आमचं घराणं तांबटांचं. मी स्वतः आता दागिन्यांच्या मीनाकामात आहे, म्हणून कारागिरीपुरतं विचारतो. हा मीना आमच्यासारखाच काच दळून, घरात भरून, भट्टीत घालून केलेला आहे का? आणि हिरवट म्हणालात, तो मुळातच हिरवा का?

हातभिंग

@तांबटआळी, तुमच्यासारख्यांचीच वाट पाहत होतो. पद्धत तीच. ओतलेल्या किंवा कोरलेल्या धातूत घर, त्यात काच, मग आच, मग घासून सपाट. पण दोन गोष्टी तुम्हाला बघायला आवडतील. एक म्हणजे, कित्येक रोमन ब्रोचवर एकाच घरात दोन रंग शेजारी शेजारी असतात आणि मध्ये धातूची भिंतच नसते. काहींत नक्षीदार काचेच्या कांडीचे पातळ काप बसवलेले असतात, बुद्धिबळाच्या पटासारखे. दुसरी गोष्ट रंगाची. तेव्हाचा लाल मीना तांब्याच्या ऑक्साइडनं लाल व्हायचा, आणि जमिनीत शतकानुशतकं राहून तो वरून हिरवा पडतो. त्यामुळे आज हिरवा दिसणारा मीना मुळात लाल असू शकतो. या सशाचं मी अजून नीट पाहिलेलं नाही. पुढच्या शनिवारी भिंगाखाली घेतो.

फिलोस्ट्रेटस नावाच्या ग्रीक लेखकानं तिसऱ्या शतकात लिहिलंय की महासागरात राहणारे रानटी लोक तापलेल्या काशावर रंग ओततात आणि ते रंग दगडासारखे घट्ट होऊन बसतात. त्या दूरच्या माणसालाही या कामाचं नवल वाटलं होतं.

तांबटआळी

मध्ये भिंत न घालता दोन रंग, आणि तेही एकमेकांत न मिसळता! पूड भरून हे फार अवघड आहे, आच चढली की कडा एकमेकांत जातात. कापलेले तुकडे बसवून नुसते मऊ होईपर्यंत तापवले असतील तर जमेल. त्या कारागिराला माझा नमस्कार.

सह्यभटक्या

धागा माहितीपूर्ण आहे, पण मला एक मूलभूत शंका आहे. कशाचा उपयोग कळला नाही की पुरातत्त्ववाले त्याला धार्मिक ठरवतात असं बऱ्याचदा वाटतं. पैठणीच्या पदरावर मोर असतो म्हणून ती नेसणारी बाई मोराची पूजा करत नाही. ससा गोंडस दिसतो, घोडा रुबाबदार दिसतो, लोकांनी घेतला आणि लावला. एवढंच का नसेल?

हातभिंग

@सह्यभटक्या, पैठणीचा मोर अगदी चपखल उदाहरण आहे, आणि बहुतेक ब्रोचच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. काही ब्रोचवर चक्क 'ऊतेरे फेलिक्स' असं कोरलेलं असतं, म्हणजे 'वापर, तुझं भलं होवो'. ही भेटवस्तूची भाषा आहे. माशीच्या आकाराच्या ब्रोचला मी देव चिकटवायला जाणार नाही.

पण घोडेस्वार वेगळा का, ते सांगतो. हा ब्रोच अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो. स्वार आणि घोडा एकाच पत्र्यात, तोंड बहुतेक उजवीकडे, अंगावर एक-दोन मीन्याची घरं. कारागिरी साधी, कधी कधी तर ओबडधोबड. हा माल महागातला खचितच नव्हता. आता तो कुठे सापडतो बघा. नॉरफोकमध्ये हॉकवोल्ड-कम-विल्टनला, जिथून पुजाऱ्यांचे धातूचे मुकुटही मिळाले आहेत. सॉमरसेटमध्ये लॅम्यॅट बीकन टेकडीवरच्या मंदिराशी. विल्टशरमध्ये कोल्ड किचन हिलला. ही सगळी देवस्थानं.

आणि बॉसवर्थ. १४८५ साली इथे इंग्लंडचा राजा रिचर्ड तिसरा लढाईत मारला गेला. ती लढाई नेमकी कुठे झाली हे शोधायला २००५ ते २०१० या काळात मेटल डिटेक्टरनं शेतन् शेत विंचरलं गेलं. तोफगोळे मिळाले, रिचर्डचं चिन्ह असलेला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला रानडुकराचा बिल्ला मिळाला. त्याच शोधात कुणाच्या ध्यानीमनी नसताना एका रोमन मंदिराची जागा हाती लागली, आणि तिथून घोडेस्वाराचे ब्रोच मोठ्या संख्येनं निघाले. एरवी एखाद्या गावात, एखाद्या छावणीत हा ब्रोच एखाद-दुसरा मिळतो. मंदिरापाशी तो ढिगानं मिळतो. नुसती हौस असती तर तो बाजारात, घरात, रस्त्यात सगळीकडे सारखाच हरवला असता.

तुमच्याच उदाहरणात सांगायचं तर, मोराची पैठणी सगळीकडे दिसते. पण एखाद्या देवळाच्या आवारातच मोराच्या शंभर चांदीच्या प्रतिमा पुरलेल्या मिळाल्या, तर तुम्हीही थांबून विचार कराल.

सह्यभटक्या

बॉसवर्थचा मुद्दा पटला. जागेच्या वाटणीवरून अनुमान काढलं असेल तर आक्षेप मागे घेतो. पण मग देव कोणता? आणि लोक हे ब्रोच देवळाबाहेर विकत घेऊन वाहायचे, की आधीपासून वापरत असलेला काढून द्यायचे?

पाटीपेन्सिल

घोड्यावरचा स्वार म्हटल्यावर मला आमच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाकच आठवला. तोही पत्र्याचाच, तळहातावर मावेल एवढा. काही संबंध असेल का?

हातभिंग

@पाटीपेन्सिल, मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही टाकच आठवला, आईच्या देव्हाऱ्यातला. संबंध काही नाही. काळ वेगळा, देश वेगळा, आणि टाक पूजेत बसतो, अंगावर लावत नाहीत. पण त्या आठवणीनं एक गोष्ट मात्र लक्षात आली. टाक पाहून तो कोणाचा हे घरातलं कुणीही सांगेल. ब्रोच पाहून सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

@सह्यभटक्या, देव कोणता? सगळ्यात भक्कम उमेदवार मार्स, पण रोममधला युद्धदेव नव्हे, तर इथल्या मातीत मिसळलेला, घोड्यावर बसलेला मार्स. सफोकमध्ये मार्टलशॅमला एका छोट्या काशाच्या मूर्तीची बैठक मिळाली आहे. पडलेल्या शत्रूवरून घोडा नेणारा स्वार असा तो विषय. बैठकीवर लेख आहे, ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेला: मार्स कोरोटियाकस देवाला सिंप्लिशियानं स्वतःसाठी नवस फेडून आनंदानं अर्पण केलं, ग्लॉकसनं घडवलं. नॉर्थॅम्प्टनशरमध्ये ब्रिगस्टॉकच्या देवस्थानातूनही घोडेस्वारांच्या छोट्या मूर्ती निघाल्या आहेत. तेव्हा ब्रोचवरचा स्वार याच घराण्यातला असावा, असं म्हणायला आधार आहे.

रोमन लेखांच्या शेवटी एक ठरलेलं सूत्र येतं, चार अक्षरांत आखडलेलं. अर्थ असा: 'नवस फेडला, आनंदानं, देवाच्या योग्यतेला साजेसा.' इंग्रजीत हे समजावताना लोकांना दोन वाक्यं लागतात. आपल्याकडे 'नवस फेडला' म्हटलं की आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतं. आधी मागणं, मग देवाचं देणं, आणि मगच आपलं देणं. हा क्रम आपल्याला शिकवावा लागत नाही.

नीलमोहर

सिंप्लिशिया म्हणजे बाई ना? युद्धदेवाला बाईचा नवस! आणि 'स्वतःसाठी' म्हणाली, नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी नाही. हे वाचून खूप वेळ थांबले.

हातभिंग

होय, बाईच. काय मागितलं होतं ते तिनं लिहिलेलं नाही. पण त्यावरून एक समजतं की हा मार्स फक्त शिपायांचा नव्हता. दुखणं, पीक, गुरं, घर, असं सगळं त्याच्याकडे जात असणार. म्हणून घोडेस्वाराचा ब्रोच सापडला की तो सैनिकाचा असं मी धरून चालत नाही.

मुळाकाठ

पुण्याहून. डेक्कन कॉलेजमुळे या विषयाशी आपलं एक खरं नातं आहे, ते इथे नोंदवतो. ह. धी. सांकळिया लंडनला डॉक्टरेट करत होते (१९३६ साली मिळाली), तेव्हा त्यांनी ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या हाताखाली डॉर्सेटमधल्या मेडन कॅसलला उत्खननाचं शिक्षण घेतलं. त्या टेकडीच्या माथ्यावर चौथ्या शतकातलं एक रोमन-केल्टिक मंदिर आहे. त्याआधी, १९२८-२९ मध्ये, व्हीलर दांपत्यानं ग्लॉस्टरशरमध्ये लिडनीला नोडेन्स देवाचं मंदिर खणलं होतं. तिथे कुत्र्यांच्या मूर्ती निघाल्या आणि बायकांच्या बांगड्या, टाचण्या शेकड्यांनी निघाल्या. पुढे हेच व्हीलर १९४४ मध्ये भारतात पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले, आणि सांकळियांनी मो. गं. दीक्षितांबरोबर कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खनन केलं. ब्रह्मपुरीतूनच रोमन जगातून आलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, काशाची मूर्ती मिळाली आहे, कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात बघता येते.

धागाकर्त्याचा मुद्दा, जागा आणि थर महत्त्वाचा, हाच धडा व्हीलरनं इथे येऊन गिरवून घेतला होता.

हातभिंग

@मुळाकाठ, मनापासून आभार. सांकळिया मेडन कॅसलला होते हे माहीत होतं, पण माथ्यावरच्या मंदिराशी ते जोडून कधी पाहिलं नव्हतं. लिडनीचं उदाहरण इथे फार उपयोगी आहे. कुत्रा तिथे देवाचा सोबती आहे, आणि ते देवस्थान आजार बरे होण्यासाठीचं मानलं जातं. म्हणजे कुत्र्याच्या ब्रोचला लिडनीमुळे एक शक्यता मिळते, शेतात एकटा सापडला तर ती मिळत नाही. तीच गोष्ट नॉर्थंबरलंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीजवळच्या (रोमन सीमेवरच्या तटबंदीजवळच्या) कव्हेंटिना देवीच्या विहिरीची. १८७६ मध्ये ती उपसली तेव्हा १३,००० हून जास्त नाणी निघाली, आणि त्यांच्यासोबत ब्रोचही. विहिरीत टाकलेला ब्रोच चुकून पडला असं कोण म्हणेल?

कोंबड्याचं राहिलं. कोंबडा मर्क्युरी या रोमन देवाचा. ग्लॉस्टरशरमध्ये उलीच्या मर्क्युरी मंदिरात बोकडांची आणि कोंबड्यांची हाडं रग्गड मिळाली. ब्रोच नाही, पण त्याच मीनाकामातला एक कोंबडा सायरनसेस्टरला २०११ मध्ये मिळाला. उंची १२.५ सेंटिमीटर, छातीवर, पंखांवर, शेपटीवर मीना. तो दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या कबरीत होता, शेजारी दूध पाजायचं मातीचं भांडं. मर्क्युरी मेलेल्यांना वाट दाखवून नेतो. एवढ्याशा पोराला एकट्यानं जायचं होतं, म्हणून आईबापांनी देवाचा कोंबडा सोबत दिला असेल. सायरनसेस्टरच्या कोरिनियम संग्रहालयात त्याच्यापुढे उभा राहिलो, तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. मला तिथे फार वेळ थांबता आलं नाही.

रेवदंडा

स्वस्तिकाच्या आकाराचेही रोमन ब्रोच असतात असं वाचलं होतं. तो भारताचा प्रभाव का? व्यापार तर होताच.

हातभिंग

@रेवदंडा, असतात. जास्त करून राइन-डॅन्यूब सीमेवरच्या लष्करी ठाण्यांच्या भागात, दुसऱ्या शतकाच्या शेवटापासून पुढे. पण भारतातून नेल्याचं म्हणता येत नाही. ग्रीकांच्या आणि इटलीतल्या एट्रुस्कनांच्या भांड्यांवर हे चिन्ह त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून आहे. शिपाई ते शुभ म्हणून लावत असतील. त्यापुढे मी जात नाही.

शुभ-अशुभावरून चपलेच्या तळाचा ब्रोच आठवला. त्यावर मीन्याचे ठिपके असतात, चपलेच्या खिळ्यांसारखे. रोमन जगात देवळांत पावलं कोरून 'जाण्या-येण्यासाठी' असा नवस लिहीत, आणि ब्रिटनमध्ये मेलेल्याच्या पायाशी खिळ्यांचे जोडे ठेवत. दोन्हीकडे प्रवास आहे. हा ब्रोच देवाचा की वाटसरूचा, ते ठरवायला तो कुठे सापडला एवढंच विचारावं लागतं.

आणि इथेच माझं खरं दुःख आहे. गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत पाच ब्रोच घेऊन आले. पाचही घोडेस्वार. एकावर अजून निळा मीना टिकून होता. कुठले? एका जत्रेवजा बाजारात विकत घेतलेले. विकणाऱ्यानं 'शेतातले आहेत' एवढंच सांगितलं होतं. पाच घोडेस्वार एकत्र म्हणजे जवळपास नक्कीच एखादं देवस्थान, कदाचित कुणालाही माहीत नसलेलं. आणि आता ते कधीच सांगता येणार नाही. इंग्लंडमध्ये १९९७ पासून लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे, तिच्यात १५ लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे, कुणालाही घरबसल्या बघता येते. पण एकटादुकटा तांब्याचा ब्रोच कायद्यानं सहसा 'खजिना' ठरत नाही, त्यामुळे नोंद करायची की नाही हे सापडणाऱ्याच्या मनावर. मी त्या पाचांची मापं घेतली, फोटो काढले, आणि जागेच्या रकान्यात 'अज्ञात' लिहिलं. तो शब्द लिहिताना हात जड झाला.

सह्यभटक्या

आमच्याकडे किल्ल्यांवरची नाणी, तोफगोळे लोक खिशात घालून नेतात तेव्हा हेच वाटतं. त्या पिशवीचं वाचून वाईट वाटलं. बिस्किटाच्या डब्यातल्या आजोबांना माझा रामराम सांगा.

तांबटआळी

माझा एक प्रश्न राहिला. सह्यभटक्यांनी विचारलं होतं, विकत घेऊन वाहायचे की वापरलेला द्यायचे. हे झिजेवरून कळायला हवं. टाचणी रोज काढली-घातली की खोबणीची आतली कड घासते. नव्याकोऱ्या मालाची कड धारदार राहते. सशाची खोबण पाहिलीत का? आणि रंगाचंही बघणार होतात.

हातभिंग

@तांबटआळी, काल पाहिलं, दहापट भिंगाखाली.

आधी रंग. घराच्या कोपऱ्यात, मागच्या पायाशी, हिरव्या थराचा एक टवका उडालेला आहे. त्याच्या खाली मोहरीच्या दाण्याहून लहान ठिपका, लाखेसारखा लाल. म्हणजे हा ससा लाल पोटाचा होता, आणि पिल्लं त्या लालात सोन्यासारखी चमकत असणार.

टाचणी गेलेली आहे, स्प्रिंगचे दीड वेढे उरलेत. खोबणीची आतली कड मात्र तुम्ही म्हणालात तशीच, एका बाजूला गुळगुळीत होऊन अर्धगोल खाच पडली आहे. सशाच्या कानांचे उंचवटेही बोटांनी घासल्यासारखे मऊ आहेत. हा कुणीतरी वर्षानुवर्षं लावला होता. आजोबांना फोन करून रामराम सांगितला आणि त्याच ग्रिडमधून आणखी काही निघालंय का विचारलं. दोन नाणी आणि एक वाकवलेली छोटी भाल्याची प्रतिकृती निघाली आहे, म्हणाले. मंदिरांच्या जागी अशा मुद्दाम वाकवलेल्या प्रतिकृती मिळतात. पुढच्या शनिवारी ते तिन्ही वस्तू घेऊन येणार आहेत. आले की इथेच लिहितो.